पास्कूकाका आणि बांची थंड मोटार

पास्कूकाकांना मी पहिल्यांदा पाहिलं ते दवाखान्याच्या रांगेत. मे महिना होता. मी नर्स होते त्या माणिकपूरच्या दवाखान्याच्या ओट्यावर बायका पदराने आणि पुरुष टोपीने वारा घेत बसले होते. त्यांच्या मधोमध हा माणूस लोकरीची माकडटोपी कानांवर ओढून, लांब बाह्यांचा स्वेटर चढवून उभा. खाली मात्र खाकी अर्धी चड्डी. मला वाटलं, हिवतापच. मी त्यांना रांगेतून बाहेर काढलं, बाकावर बसवलं आणि तोंडात थर्मामीटर दिलं.

तोंड बंद ठेवणं या माणसाला जमत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. थर्मामीटर एका गालात सरकवून ते म्हणाले, "बाय, मला ताप नाय. मला ती नळी पायजे."

"कसली नळी?"

"तुमच्या गळ्यात हाय ती. आमची म्हातारी आजारी हाय. छातीत खडखडते."

"मग तिला इथे घेऊन या. डॉक्टरसाहेब तपासतील."

"कशी आनू? बैलगाडीत घातली तर बैल बसतील. नुसतं लोखंड हाय ते."

खाडीजवळच्या बर्फाच्या कारखान्यातला कंप्रेसर म्हणजे ही म्हातारी, हा उलगडा होईपर्यंत सगळी रांग हसायला लागली होती. डॉक्टरसाहेब बाहेर आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाटातला एक जुना, रबर तडकलेला स्टेथॉस्कोप काढून त्यांच्या हातात ठेवला. "दुपारपर्यंत परत आनतो," असं पास्कूकाका म्हणाले. तो स्टेथॉस्कोप दवाखान्याने पुन्हा कधी पाहिला नाही. काकांच्या गळ्यात मात्र तो पुढे कायम दिसायचा, आणि कोळीवाड्यात नव्याने आलेली माणसं त्यांनाच डॉक्टर समजून जीभ दाखवायची. काकाही ती बघायचे.

ते बर्फाच्या कारखान्याचे मिस्त्री होते. मूळचे नायगावच्या खाडीकाठचे, तरुणपणी बोटीवर गेलेले. मालाच्या बोटींवर मांस आणि लोणी ठेवायला थंड खोल्या असतात, तिथल्या यंत्रांना तेल घालायचं काम त्यांनी लढाई संपेपर्यंत केलं. मग किनाऱ्याला लागले ते कायमचे. डाव्या हाताची करंगळी अर्धी होती. ती कुठे गेली, याच्या गोष्टी माणूस पाहून बदलत. कोळ्यांना सांगायचे, शार्क माशाने नेली. चर्चमधल्या फादरना सांगितलं होतं की, बर्फाच्या समुद्रात एका बुडणाऱ्या खलाशाला वर ओढताना गोठून तुटली. मला त्यांनी जर्मन पाणबुडीची गोष्ट सांगितली. ती इतकी रंगली की मी त्या दिवशी पट्ट्या गुंडाळायच्या विसरले. खरं काय ते त्यांच्या बायकोने, मारीमावशीने, एका वाक्यात सांगितलं: "विळीवर कापली. माझ्यासाठी नारळ खवायला बसलेले, लग्न झालं त्या साली."

त्यांचा आवाज मोठा होता. जन्मभर यंत्रांच्या घरघरीत बोलल्यामुळे साधं "बस, चा घे" म्हटलं तरी शेजारच्या वाडीतली माणसं दचकायची. आणि थंडीचा हा राजा स्वतः कधी थंड पाणी प्यायला नाही. बर्फाची लादी खांद्यावर घेऊन फिरेल, पण चहा असा कढत लागायचा की कपाला हात लावणाऱ्याला चटका बसावा. मी विचारलं तर म्हणाले, "हलवाई कुठे लाडू खातो?"

थंडीबद्दल त्यांचं एक ठाम मत होतं आणि ते कुणालाही पकडून ऐकवायचे. "बाय, थंडी असं काय नसतंच. जगात गरमीच हाय फक्त. आपन गरमीला बाहेर काडायचं, बस. पाहुनी हाय ती. दार दाखवायचं आनि पुन्हा आत शिरू द्यायची नाय." मी एकदा विचारलं, की बाहेर काढलेली गरमी मग जाते कुठे? त्यांनी कारखान्याच्या मागचा भाग दाखवला. तिथे तापलेल्या नळ्यांवरून पाणी सोडलेलं होतं, आणि त्या ऊनऊन पाण्यात मारीमावशी पाठ फिरवून धुणं धूत बसली होती.

दुरुस्तीची त्यांची रीतही न्यारी. यंत्राला हात लावायच्या आधी ते मालकाची उलटतपासणी घ्यायचे. कधीपासून? आधी काय झालं? कोण जवळ होतं? रात्री झोपते का? शेवटचा प्रश्न पाण्याच्या पंपाबद्दल असला तरी चेहरा गंभीरच. आमच्या दवाखान्यातला रॉकेलवर चालणारा फ्रीज बंद पडला, लशी खराब होण्याची वेळ आली, तेव्हा मी धावत त्यांना बोलावून आणलं. त्यांनी बत्ती पाहिली, नळीला कान लावला, मला तऱ्हतऱ्हेचे प्रश्न विचारले आणि शेवटी म्हणाले, "याला डोक्यावर उभा करा."

डॉक्टरसाहेब म्हणाले, "पास्कू, तो फ्रीज आहे."

"म्हनूनच सांगतो. मानसाला सांगितलं असतं तर फी घेतली असती."

लशी तोवर कारखान्यातून आणलेल्या बर्फात ठेवल्या आणि फ्रीज उलटा करून ओट्यावर ठेवला. दिवसभर पेशंट त्याच्याकडे पाहत होते. एका म्हातारीने त्याला नमस्कारही केला. आतल्या नळ्यांत अडकलेलं पाणी-अमोनिया पुन्हा हलायला हवं होतं म्हणे. दुसऱ्या दिवशी फ्रीज सुलटा करून बत्ती लावली तर तो गार पडायला लागला. काकांनी कमरेवर हात ठेवून रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं सांगितलं, "बघा, शीर्षासन!"

पण मला त्यांच्याबद्दल सांगायचं आहे ते मोटारीचं.

भुईगावच्या किनाऱ्याजवळ, आमच्या घरच्या बागेपासून थोड्या अंतरावर, मुंबईच्या एका कापडवाल्या गुजराती शेठने बंगला बांधला होता. शेठची म्हातारी आई, सगळे तिला बा म्हणत, दम्याने हैराण होती. समुद्राची हवा मानवेल म्हणून शेठ तिला उन्हाळ्यात इथे आणून ठेवायचा. पण मुंबईहून मोटारीने यायचं म्हणजे भिवंडीकडून वळसा, आणि सगळा रस्ता धुळीचा. खिडक्या उघड्या ठेवल्या तर धूळ, बंद केल्या तर उकाडा. बा पोहोचेपर्यंत अर्धमेल्या व्हायच्या. शेठचा आईवर फार जीव. त्याने काय काय खटपटी करून अमेरिकेहून एक प्रचंड मोटार मागवली. तिच्या डिकीत थंड हवेचं यंत्र बसवलेलं होतं. काचा बंद करून बसायचं, वरून गार वारा येणार. वसईत तोवर असली मोटार कुणी पाहिली नव्हती. ती पहिल्यांदा आली तेव्हा भुईगावची पोरं तिच्या काचांना गाल लावून उभी राहिली होती.

पहिल्या फेरीला यंत्र छान चाललं. नंतर त्याने खोड काढली. मुंबईहून निघताना गार वारा सुटायचा, वाटेत तो कमी कमी होत जायचा आणि भिवंडीच्या पुढे बंदच. मोटार मुंबईच्या वर्कशॉपमध्ये नेली की पुन्हा सुरळीत. तिथल्या साहेबांनी सगळं तपासून सांगितलं, यंत्रात काही दोष नाही. पुढच्या फेरीला पुन्हा तेच. शेवटी शेठला संशय आला तो ड्रायव्हरचा. सखाराम हा रत्नागिरीकडचा, अबोल माणूस. शेठला वाटलं, हा वाटेत काहीतरी छेडतो, नाहीतर पेट्रोल वाचवायला यंत्र बंद करतो.

बांना इंजेक्शन द्यायला मी रोज बंगल्यावर जायची. शेठ वैतागून बोलत होता, ते ऐकून मीच म्हटलं, "आमच्याकडे एक मिस्त्री आहेत."

पास्कूकाका आले ते अर्धं माणिकपूर मागे घेऊन. माकडटोपी, स्वेटर, गळ्यात स्टेथॉस्कोप. शेठ माझ्याकडे बघायला लागला. काकांनी मोटारीला एक फेरी मारली, बॉनेट उघडायला लावलं, इंजिन चालू ठेवून त्याला जोडलेल्या कंप्रेसरला स्टेथॉस्कोप लावला आणि डोळे मिटले. मग शेठची उलटतपासणी सुरू.

"सुरुवातीला थंड येते?"

"हा."

"मग कमी होते?"

"हा."

"उभी ठेवली की पुन्हा येते?"

"हा भाई, तेच तर सांगतो मी!"

"रात्री झोपते का?" काका म्हणाले, आणि शेठने कपाळाला हात लावला.

गॅस गळतोय का ते पाहायला काकांनी एक छोटा दिवा पेटवून सगळ्या सांध्यांवरून फिरवला. गळती असली तर ज्योत हिरवी होते, असं त्यांनी आधी जाहीर करून ठेवलं होतं. ज्योत निळीच राहिली. जमलेल्या लोकांची फार निराशा झाली. मग काका बॉनेटवर हात ठेवून म्हणाले, "सापडलं. हिच्या पोटात पानी गेलंय. गॅसमधे थेंबभर पानी असलं तर बारीक भोकापाशी त्याचा बर्फ होतो. बर्फ झाला की वाट बंद. उभी ठेवली की बर्फ वितळतो, वाट मोकळी. बोटीवर मी शंभरदा बघितलंय."

बोलणं पटण्यासारखं होतं. शेठलाही पटलं. मुंबईहून गॅसचा सिलिंडर आला. काकांनी सगळा जुना गॅस काढला, ओल शोषून घेणारी डबी भट्टीवर भाजून कोरडी केली, कारखान्यातल्या जुन्या पंपाने नळ्यांतली हवा ओढून काढली आणि नवा गॅस भरला. मग इंजिन चालू केलं. वारा असा सुटला की शेठ हसायला लागला. गावातली माणसं पाळीपाळीने आत बसून आली. माझे एक भाऊ तर कुडकुडल्याचं नाटक करत बाहेर आले. आणि त्या गर्दीत पास्कूकाकांच्या अंगात आलं. त्यांनी टोपी डोक्यावरून काढली, उंच धरली आणि गरजले, "पुन्हा बिघडली तर ही टोपी चौकात जाळीन!"

मारीमावशी मागून पुटपुटली, "मी विणलीय ती."

पुढच्याच फेरीला भिवंडीपाशी गार वारा पुन्हा बंद.

शेठ बंगल्यावर उतरला तो लालबुंद. त्याने पास्कूकाकांना एक शब्द सुनावला नाही. ते त्यांना जास्त लागलं असावं. तो सखारामकडे वळला आणि म्हणाला, "महिना भरला की तुझा हिशोब घे आणि गावाला जा." सखाराम मान खाली घालून उभा राहिला. मी बांच्या खोलीत होते, खिडकीतून सगळं दिसत आणि ऐकू येत होतं. बांनी माझं मनगट एकदम घट्ट धरलं. मला वाटलं, दम्याचा झटका येतोय.

पास्कूकाकांनी त्या संध्याकाळी माणिकपूरच्या नाक्यावर खरोखर टोपी जाळली. हसायला आलेली माणसं त्यांचा चेहरा बघून पांगली. मारीमावशी त्यानंतर त्यांच्याशी बोलेना. जेवणाचं ताट ठेवायची आणि भिंतीला सांगायची, "जेवा म्हणावं."

दुसऱ्या दिवशी काका उघड्या डोक्याने बंगल्यावर हजर. टोपीशिवाय ते मला कुणीतरी दुसरेच वाटले. टक्कल होतं आणि कान बरेच मोठे. ते शेठकडे गेले नाहीत. सखाराम विहिरीपाशी मोटार धूत होता, त्याच्याजवळ उकिडवे बसले.

"सखाराम, मला मोटारचं सांगू नको. प्रवास सांग. घरातून निघाल्यापासून."

सखारामने हातातलं फडकं पिळलं. मग तुकड्यातुकड्याने सांगत गेला. शेठ पुढे बसतात. बा मागे. वाटेत एकदा थांबून बांना पाणी देतो. इथे पोहोचलो की डिकीखाली पाणी ठिबकत असतं, मातीत डबकं होतं.

"डबकं?" काकांचा आवाज विहिरीत घुमला. "केवढं? हे तू आधी का नाय बोललास?"

"मला कोणी विचारलं नाही."

काका उठले. मग त्यांनी मला ते समजावून सांगितलं, आणि माझ्याही लक्षात आलं. ओल नळीच्या आत नव्हती, बाहेर होती. मागच्या सीटच्या पाठीमागे एक फळी होती, तिच्यावर जाळ्या होत्या. मोटारीतली हवा त्या जाळ्यांतून डिकीत जायची, थंड नळ्यांवरून फिरायची आणि दोन पारदर्शक नळकांड्यांतून वर छताकडे येऊन डोक्यावर पडायची. ही हवा फिरायची थांबली तर थंड नळ्यांवर बर्फ चढत जाणार, आणि एकदा त्या बर्फाने झाकल्या की संपलं. मोटार उभी राहिली की तो बर्फ वितळून डबकं. म्हणजे प्रश्न एवढाच होता, की हवा कोण अडवतंय?

"मला डिकीत बसायचंय," काका शेठला म्हणाले. "मोटार चालू असताना. सगळे जसे बसतात तसेच बसा. बा पन पायजेत."

शेठला हे वेड वाटलं, पण सखारामची नोकरी जाणार म्हणून असेल, की बांनी स्वतः "चाल, चाल" म्हटलं म्हणून, तो तयार झाला. बांच्या सोबतीला मला मागे बसवलं. स्टेपनी बाहेर काढली, यंत्राचं झाकण उघडं ठेवलं आणि पास्कूकाका हातात बॅटरी घेऊन, गुडघे पोटाशी घेऊन डिकीत शिरले. ती डिकी एवढी मोठी होती की तरीही शेजारी एखादा सोबती बसला असता. बंद करण्यापूर्वी आतून आवाज आला, "मी मेलो तर मारीला सांगा, टोपी चांगली होती."

मोटार निघाली. भर दुपारची वेळ, काचा बंद, आणि वरून खरोखर गार वारा. मला तर स्वर्ग वाटला. थोडं अंतर गेल्यावर बांनी कानावर हात ठेवला. मग पदर ओढून घेतला. वारा बरोबर त्यांच्या माथ्यावर आणि कानांत शिरत होता. पुढे शेठ मागे न वळता मोठ्याने विचारत होता, "बा, केम छे? ठंडक छे ने?" आणि बा म्हणत होत्या, "बहु सरस, दीकरा, बहु सरस." म्हणता म्हणता त्यांनी मांडीवरची हाताने विणलेली निळी लोकरीची शाल उचलली, घडी केली आणि मान टेकायला उशी करावी तशी पाठीमागच्या फळीवर नीट पसरली. दोन्ही जाळ्या झाकल्या गेल्या. हळूहळू वारा मंद होत गेला. बांनी डोळे मिटले आणि सुखाने श्वास सोडला.

मी आरशात पाहिलं. आरशातून सखाराम बघत होता. माझी नजर भेटताच त्याने डोळे रस्त्यावर वळवले. तेव्हा मला कळलं, की याला सगळं ठाऊक आहे, आणि नोकरी गेली तरी हा बोलणार नाही.

थोड्या वेळाने डिकीतून ठकठक झाली. सखारामने ताडाच्या झाडांपाशी मोटार थांबवली. शेठने धावत जाऊन डिकी उघडली. पास्कूकाका बाहेर आले ते निळेजांभळे पडून, कानशिलं चोळत. जाळीच्या खालून त्यांना वर काय दिसलं असेल ते मी ओळखलं. त्यांनी मागच्या काचेतून आत पाहिलं. बा जाग्या झाल्या होत्या. शाल आता त्यांच्या मांडीवर होती आणि दोन्ही हात शालीवर. बा काकांकडे पाहत होत्या. लहान मूल खाऊच्या डब्यापाशी सापडतं, तसा चेहरा.

शेठ म्हणाला, "बोला मिस्त्री. सापडलं?"

"सापडलं."

"यंत्रात आहे?"

"यंत्रात कायसुदा नाय. मुंबईचे साहेब खरं बोलत होते."

"मग चूक कोणाची? ह्याची?" शेठने सखारामकडे बोट केलं.

पास्कूकाकांनी पुन्हा एकदा काचेतून बांकडे पाहिलं. मग ते नेहमीच्या आवाजात म्हणाले, "अमेरिकेची."

"काय?"

"अमेरिकेची चूक, शेठ. तिकडच्या बायका टोपी घालून मोटारीत बसतात. कान झाकलेले. वारा डोक्यावर पडला तरी त्यांना काय होत नाय. आपल्या बायका बोडख्या कानाने बसतात. ही मोटार त्यांच्या डोक्याच्या मापाची केलीय. वाऱ्याचं तोंडच चुकीच्या जागी हाय. वारा वरून पडतो, फिरत नाय, म्हनून आत बर्फ धरतो. मी दुरुस्त करतो."

वारा आणि बर्फ यांचा हा संबंध त्यांनी तिथल्या तिथे जुळवला होता. शेठ कापडातला हुशार माणूस. त्याने काकांकडे पाहिलं, मोटारीकडे पाहिलं, मग बराच वेळ आईच्या मांडीवरच्या शालीकडे पाहिलं. त्याला किती कळलं, ते तोच जाणे. तो एवढंच म्हणाला, "अमेरिकेला कोण सांगणार? तुम्ही करा दुरुस्त." मग सखारामच्या खांद्यावर हात ठेवून, "चल, घेऊन चल."

काकांनी बंगल्याच्या अंगणात बसून रॉकेलच्या डब्याच्या पत्र्याची एक सुबक झडप केली. तिला आतून मऊ फलालीन लावलं, कड हातोडीने दुमडली, आणि मागच्या सीटच्या वरच्या वाऱ्याच्या तोंडावर बसवली. बाजूला एक खटका. खटका ओढला की बांच्या डोक्यावरचा वारा बंद आणि सगळा झोत पुढच्या बाजूला. बांना तो खटका दाखवायला ते मोटारीत बसले, तेव्हा जवळ मीच होते. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना कुजबुजताना ऐकलं.

"बा, शाल मागे ठेवू नका. मोटारीचा जीव गुदमरतो. लागला वारा तर हा खटका ओढा."

बांचे डोळे भरून आले. त्या मोडक्या मराठीत म्हणाल्या, "किती हौसेने आणली त्याने. कसं सांगू त्याला, की मला सोसत नाही? तू सांगणार काय?"

"काय सांगनार? मी डिकीत होतो. डिकीत अंधार असतो."

"पण सखारामची नोकरी जात होती," बा म्हणाल्या. "मी सांगणारच होते. देवाशपथ सांगणार होते. रोज ठरवत होते."

"ठाऊक हाय," काका म्हणाले. "तोपन ठरवत होता. न सांगायचं."

यंत्र पुन्हा कधी अडलं नाही. सखाराम राहिला. त्या पावसाळ्याच्या आधी बा मुंबईला परतल्या, आणि नंतर दिवाळीच्या सुमाराला सखाराम एक पुडकं घेऊन पास्कूकाकांच्या दारात उभा राहिला. आत हाताने विणलेली माकडटोपी होती. रंग निळा. लोकर मी लगेच ओळखली. शाल उसवून केली होती ती. मारीमावशीने ती उलटसुलट करून पाहिली, टाके तपासले, आणि कित्येक महिन्यांनी नवऱ्याशी थेट बोलली: "हिची वीण माझ्याहून बरी हाय. घाला. पन ही जाळलीत तर घरात येऊ नका."

काकांनी ही गोष्ट कुणालाच सांगितली नाही. करंगळीच्या इतक्या गोष्टी सांगणारा माणूस, पण मोटारीचं कुणी विचारलं की म्हणायचा, "अमेरिकेची चूक होती. मी सुधारली." लोक हसायचे. त्यांना वाटायचं, ही एक थाप.

त्यानंतरच्या साली माझी बदली डहाणूला झाली. निघण्याच्या आधी काही दिवस पास्कूकाकांची धाकटी मुलगी फिलू पहिलटकरीण म्हणून माहेरी आली होती. तिचं बाळंतपण मीच केलं. सकाळी उन्हं वर येताना मुलगी झाली. फिलूला फार त्रास झाला नाही. त्रास झाला तो काकांचा. ते अंगणात येरझारा घालत होते आणि दर थोड्या वेळाने बंद दारातून ओरडून विचारत होते, "काय अडलंय का? काय अडलंय का?" शेवटी मारीमावशीने आतून तांब्या दारावर आपटला, तेव्हा गप्प झाले.

जायच्या दिवशी निरोप घ्यायला मी त्यांच्याकडे गेले. टांगा रस्त्यावर थांबवला. काका पायरीवर बसले होते. मांडीवर उशी, उशीवर बाळ. दोन्ही हात उशीच्या दोन बाजूंना ताठ, मान ताठ, पाठ ताठ. मी जवळ गेले, तसा त्यांनी डोळ्यांनीच दम भरला. बाळ झोपलं होतं. त्यांच्या उघड्या गुडघ्यावर एक काळा मुंगळा चढत होता आणि ते हताशपणे त्याच्याकडे पाहत होते, पण हात हलवत नव्हते. मी वाकून तो मुंगळा झटकला. त्यांनी मान अगदी थोडी हलवली. हे आभार.

"येते काका," मी म्हटलं. "आता डहाणूला."

त्यांचे ओठ हलले, आवाज आला नाही. मग फक्त श्वासाने म्हणाले, "हळू जा."

मी फाटकाशी आले तेव्हा टांग्याचा घोडा फुरफुरला. पास्कूकाकांनी त्याच्याकडे असं रागाने पाहिलं, की टांगेवाल्याने मुकाट्याने उतरून घोड्याची घुंगरं मुठीत धरली. वळणापर्यंत त्याने ती तशीच धरून घोडा चालत नेला. वळणावर मी मागे पाहिलं. पायरीवर ऊन सरकत आलं होतं, आणि ते बाळावर पडू नये म्हणून काका बसल्या बसल्या, उशीला धक्का न लावता, तसूतसूने सावलीकडे सरकत होते.